एव्हबरीची वाट, मार्चमधली

मार्च, शनिवार.

केनेट भरून वाहते आहे. इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यातली ही नदी एव्हबरीजवळ, म्हणजे प्रचंड प्राचीन शिळावर्तुळात वसलेल्या गावाजवळ, उन्हाळ्याच्या शेवटी जवळपास कोरडी पडते आणि हिवाळा सरता सरता भरते. इथली जमीन चॉकची आहे, म्हणजे पांढरी, मऊ, पाणी शोषून घेणारी चुनखडी. शरद ऋतूतला पाऊस आधी खाली झिरपतो, भूजल हळूहळू वर येतं आणि झरे फेब्रुवारी-मार्चमध्ये जोर धरतात. त्यामुळे आठवडाभर ऊन पडलेलं असलं तरी नदीकाठची पायवाट पाण्याखाली असू शकते. मार्चमध्ये इथे येणाऱ्यांची पहिली फसगत हीच. ते आकाश पाहून बूट निवडतात, पण पाहायला हवी ती नदी.

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून स्विंडनला रेल्वेने तासभर आणि तिथून डिव्हायझेसकडे जाणारी ४९ नंबरची बस. ती थेट वर्तुळात, रेड लायन पबसमोर उतरवते. रविवारी फेऱ्या कमी असतात, म्हणून परतीची वेळ आधीच लिहून ठेवावी. नकाशा ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर १५७. त्यावर ४ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर, आणि हिरव्या तुटक रेषा म्हणजे हक्काची वाट. फाटकावरचा पिवळा बाण फक्त पायी जाणाऱ्यांसाठी, निळा घोडेस्वार आणि सायकलवाल्यांसाठीही. लाल बाणाच्या वाटेवर मोटारीही येऊ शकतात. मोबाइलवर नकाशा असला तरी कागदी जवळ ठेवावा, कारण टेकड्यांच्या खोलगट भागात सिग्नलचा भरवसा नसतो.

वर्तुळात प्रवेश मोफत आहे आणि शिळांना हात लावता येतो. स्टोनहेंजसोबत १९८६ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेली ही जागा, पण इथे दोरी नाही, रांग नाही. मेंढ्या चरत असतात. नागपूरजवळची जुनापाणीची शिळावर्तुळं पाहून आलेल्यांनी इथे अंदाज बदलावा. तिथली वर्तुळं लोहयुगातली, दफनाची आणि आटोपशीर. इथल्या मोठ्या वर्तुळाचा व्यास सुमारे ३३० मीटर आहे, मूळच्या शिळा शंभराच्या आसपास होत्या, आणि आत गावाचा बराच भाग मावला आहे. भोवतीचा खंदक मुळात सुमारे ९ मीटर खोल होता आणि तो सांबरवर्गीय हरणांच्या शिंगांनी खणलेला. आज तो निम्म्याहून अधिक बुजलेला आहे, तरीही काठावर उभं राहिलं की खणणाऱ्यांच्या श्रमांची कल्पना येते.

पश्चिमेकडचा अर्धा भाग शिळांनी भरलेला आणि पूर्वेकडचा विरळ, असं का, हे माहीत नसेल तर ही जागा वाचताच येत नाही. मध्ययुगात गावकऱ्यांनी बऱ्याच शिळा पाडून खड्ड्यांत पुरल्या. अठराव्या शतकात पद्धत बदलली. शिळेखाली गवताची आग पेटवायची, दगड तापला की त्यावर थंड पाण्याची रेघ ओढायची आणि घणाचा घाव घालायचा. प्राचीन अवशेषांचे अभ्यासक विल्यम स्टुकली यांनी १७२० च्या दशकात हे स्वतः पाहून नोंदवलं. फोडलेल्या तुकड्यांची घरं झाली. गावातल्या भिंतींत ते आजही दिसतात. फोडलेली शिळा कायमची गेली, पण पुरलेली मात्र जमिनीत सुरक्षित राहिली. म्हणूनच मार्मलेडच्या धंद्यातून संपत्ती मिळालेल्या अलेक्झांडर केलर यांना १९३० च्या दशकात त्या पुन्हा उभ्या करता आल्या. १९३८ मध्ये एका पुरलेल्या शिळेजवळ माणसाचा सांगाडा, कात्री आणि चौदाव्या शतकातली चांदीची नाणी सापडली. ती शिळा आता ‘बार्बर स्टोन’ म्हणून उभी आहे. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि काम थांबलं. पूर्वेचा भाग राहिला तो राहिलाच. जिथे शिळा नाही तिथे केलर यांनी काँक्रीटचे छोटे खांब लावले. लोक ते ओलांडून पुढे जातात, हे मला खटकतं. शिळांइतकंच त्या खांबांकडेही पाहावं, कारण काय हरवलं ते त्यांच्यामुळेच मोजता येतं. उत्तरेच्या प्रवेशापाशी, रस्त्याला अगदी खेटून, ‘स्विंडन स्टोन’ आहे. वजन ६० टनांहून जास्त, आणि ती कधीच पडली नाही असं मानतात.

सेंट जेम्स चर्च खंदकाभोवतीच्या मातीच्या बांधाच्या बाहेर, पश्चिमेला. अकराव्या शतकातल्या नॉर्मन स्वारीच्या आधीचं सॅक्सन बांधकाम त्याच्या भिंतींत शाबूत आहे. दहा मिनिटं पुरतात, पण ती द्यावीत.

आता चालणं. पूर्ण फेरी साधारण १० किलोमीटरची. थांबत थांबत चार तास धरावेत. वाटेत दुकान नाही, म्हणून पाणी आणि डबा सोबत हवा. गावातून दक्षिणेला केनेटच्या काठाने निघालं की उजव्या हाताला सिल्बरी हिल दिसू लागते. इ.स.पूर्व २४०० च्या सुमारास माणसांनी रचलेली, ३० मीटर उंचीची ही चॉकची टेकडी. आत काय आहे हे शोधण्यासाठी १७७६ मध्ये माथ्यावरून विवर खणलं, १८४९ मध्ये आडवा बोगदा आणि १९६८ ते ७० मध्ये आणखी एक. दफन सापडलं नाही. खणलेल्या पोकळ्या नीट भरल्या नव्हत्या, त्यामुळे २००० मध्ये माथा खचला. २००७-०८ मध्ये आतून चॉक भरून ती सावरावी लागली. वर चढायला बंदी आहे आणि ती पाळायलाच हवी. तरीही कुंपण ओलांडून चढणारे दिसतात, त्यांच्या बुटांनी गवत निघून उतारावर पांढरे ओघळ पडतात. मार्चमध्ये तिच्या पायथ्याच्या खंदकात पाणी साचतं आणि टेकडीचं प्रतिबिंब त्यात पडतं. हे दृश्य उन्हाळ्यात मिळत नाही.

नदीकाठ पाण्याखाली असेल तर हट्ट करू नये. वर्तुळातून दक्षिणेला निघणाऱ्या शिळांच्या दुहेरी रांगेकडून, म्हणजे वेस्ट केनेट अव्हेन्यूकडून, वॅडन हिलवर चढणारी पायवाट घ्यावी. वरून सिल्बरी समोर दिसते आणि वाट तशीच ए४ रस्त्याकडे उतरते. ए४ ओलांडताना मात्र दोन्हीकडे नीट थांबून पाहावं, गाड्या फार वेगात येतात.

रस्त्यापलीकडे शेतातून दहा-पंधरा मिनिटांचा चढ, मग वेस्ट केनेट लाँग बॅरो. इ.स.पूर्व ३६५० च्या आसपासचं हे दफनस्थळ वर्तुळापेक्षा कित्येक शतकं जुनं आहे. लांबी सुमारे १०० मीटर, पण दगडी दालनं फक्त पूर्वेच्या टोकाला, पाच. किमान ३६ जणांचे अवशेष इथे होते. नंतर कोणीतरी तोंडाशी प्रचंड शिळा उभ्या करून ते बंद केलं. आत जाताना त्यांच्या मागून वळावं लागतं. टॉर्च न्यावा, जमिनीवर पाणी असतं. मेणबत्त्या लावू नयेत. काजळी आणि उष्णता शिळांना कायमची इजा करते.

पुढे पूर्वेला ईस्ट केनेट गाव, तिथून उत्तरेला चढून ओव्हर्टन हिल. इथली सँक्च्युअरी, म्हणजे खांब आणि शिळांची प्राचीन वर्तुळं, स्टुकली यांच्या डोळ्यांदेखत उद्ध्वस्त झाली. आता खांब आणि शिळांच्या जागा काँक्रीटने दाखवल्या आहेत. इथूनच १३९ किलोमीटरची रिजवे वाट सुरू होते. तिच्यावर उत्तरेला जाताना चाकोऱ्यांत पाणी साचलेलं असतं आणि ओल्या चॉकवर पाय साबणासारखा घसरतो. मधल्या गवताच्या पट्ट्यावरून चालावं, घोट्यापर्यंतचे बूट हवेतच. उजवीकडे, फाइफील्ड डाउनच्या बाजूला, गवतात सार्सन, म्हणजे कठीण वालुकाश्माच्या, शिळा विखुरलेल्या दिसतात. वर्तुळाचे दगड असल्याच ठिकाणांहून आले. वेळ असेल तर तिकडे वळावं. हा कोकरं जन्मण्याचा काळ आहे, म्हणून कुत्रा दोरीला बांधलेला हवा आणि फाटक जसं होतं तसंच सोडावं.

रिजवेवरून डावीकडे ग्रीन स्ट्रीटने उतरलं की पूर्वेच्या प्रवेशाने वर्तुळात येता येतं. बहुतेक जण इथे फेरी संपवतात. मी मात्र सांगेन की पाय दुखत असले तरी दक्षिणेला बाहेर पडून वेस्ट केनेट अव्हेन्यूच्या बाजूने सुमारे ८०० मीटर खाली जावं आणि शिळांच्या जोड्यांमधून परत वर यावं. मूळची ही रांग सँक्च्युअरीपर्यंत सुमारे अडीच किलोमीटर होती. उभी आहे ती केलर यांनी सावरलेली उत्तरेची बाजू. उंच सडपातळ आणि रुंद, पत्त्यांतल्या चौकटसारख्या अशा दोन घाटांच्या शिळा साधारणपणे समोरासमोर येतात. या दिशेने चालताना बांध वर्तुळाला शेवटपर्यंत झाकून ठेवतो. वाहनतळावरून थेट आत शिरणाऱ्याला हे कळायचं राहून जातं.