कॅज्युअल्टीत पॅलिएटिव्ह केअर कोण सुरू करणार?

मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत काही काळ काम केले, की पसरलेला कर्करोग, निकामी मूत्रपिंडे किंवा थकलेली फुप्फुसे घेऊन जगणारी माणसे ओळखीची होतात. ती रात्री दोन वाजता टॅक्सीतून येतात, कारण धाप वाढलेली असते, वेदना थांबत नसतात आणि घरच्यांचा धीर सुटलेला असतो. आजार बरा होणार नाही, हे त्यांच्या फायलीत कधीचेच लिहिलेले असते. पुढे काय करायचे, हे मात्र कुणीच लिहिलेले नसते.

कॅज्युअल्टीची घडणच जीव वाचवण्यासाठी झाली आहे. श्वास अपुरा दिसला की नळी, नळी पडली की व्हेंटिलेटर आणि मग आयसीयू, हा क्रम अर्ध्या तासात पुरा होतो. तो उलटवणे कठीण असते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सन्मानाने मरण्याचा अधिकार मान्य केला आणि 2023 मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली, तरीही व्हेंटिलेटरसारखा कृत्रिम जीवनाधार काढायला दोन वैद्यकीय मंडळांची संमती लागतेच. ही चौकट तो मुळात सुरू न करण्यालाही लागू असल्यामुळे रात्रपाळीचा तरुण डॉक्टर नळी घालण्याचा सुरक्षित मार्ग पत्करतो, आणि त्याला दोष देणे मला योग्य वाटत नाही. पण वेदना आणि धाप कमी करायला कुठल्याच मंडळाची परवानगी लागत नाही, ही साधी गोष्ट आपण विसरलो आहोत.

पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे बरा न होणाऱ्या आजारात रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या उपचारांची, सुरुवात तिथूनच व्हायला हवी. त्यासाठी तज्ज्ञ उशाशी उभा असण्याची गरज नाही. ‘मागच्या महिन्यात बाबा घरात फिरत होते का? जेवण किती जात होते? पुन्हा दवाखान्यात नेण्याबद्दल ते स्वतः काही बोलले होते का?’ एवढे विचारले, तरी निम्मे चित्र स्पष्ट होते. दुसरी गरज मॉर्फीनची. योग्य मात्रेत दिल्यास ते वेदनेबरोबर धापेची घुसमटही कमी करते. पण 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने बसवलेली धास्ती, अशा औषधांचा वैद्यकीय वापर सोपा करणाऱ्या 2014 च्या दुरुस्तीनंतरही अनेक ठिकाणी पुरती गेलेली नाही. औषध रुग्णालयात असते आणि त्या कपाटाची किल्ली रात्री सापडत नाही, असेही घडते.

अमेरिकेत या विषयावर बरेच काम झाले आहे. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, वाढलेल्या कर्करोगाच्या रुग्णांना आपत्कालीन विभागातूनच पॅलिएटिव्ह तज्ज्ञांशी जोडून दिल्यावर त्यांचे जगणे सुसह्य झाल्याचे दिसले. त्यानंतर 29 आपत्कालीन विभागांतील डॉक्टर-परिचारिकांना संवादाचे प्रशिक्षण देऊन फार मोठी चाचणी झाली. 2025 च्या सुरुवातीला तिचे निष्कर्ष आले, आणि रुग्णालयात दाखल होण्याच्या प्रमाणात फरक पडलेला नव्हता. मला हे निराशाजनक वाटत नाही. डॉक्टर कितीही चांगले बोलला, तरी रुग्णाला पाठवायला जागा नसेल तर तो दाखलच करणार.

मुंबईत अशा जागा थोड्या आहेत. वांद्र्याचे शांती अवेदना सदन 1986 पासून कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातील रुग्णांना सांभाळते आणि टाटा रुग्णालयाचे पथक घरी जाऊन सेवा देते. मूत्रपिंडाच्या किंवा स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाच्या वाट्याला एवढेही सहसा येत नाही.

एक अडचण तर वैद्यकीयसुद्धा नाही. ‘घरीच जाऊ दे त्यांना’ असे मनातून वाटणारे कुटुंबही शेवटच्या तासांत रुग्णाला घेऊन धावत येते, कारण घरी मृत्यू झाल्यास मृत्यूच्या कारणाचा दाखला कोण देणार, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नसते. नेहमीचा फॅमिली डॉक्टर राहिलेला नसतो. वाटेत प्राण गेले तर पोलीस आणि पोस्टमॉर्टेम मागे लागेल, ही भीती चाळीतल्या खोलीपासून टॉवरपर्यंत सारखीच असते. म्हणून अशा रुग्णाला कॅज्युअल्टीतून घरी सोडताना हातात एक कागद हवा: कोणते औषध किती द्यायचे, धाप वाढली तर रात्री कुणाला फोन करायचा आणि दाखला देण्याचे कोणत्या डॉक्टरने आधीच कबूल केले आहे. त्या डॉक्टरला आधी फोन लावून देण्याचे काम रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाने अंगावर घ्यावे.