सीडीचा वर्णपटदर्शक: तिसऱ्या खोक्यापर्यंतची नोंद

सीडीवर इंद्रधनुष्य दाखवायला दोन मिनिटं लागतात आणि मुलं त्याला दोन मिनिटांतच कंटाळतात. म्हणून या वेळी वर्णपटदर्शक, म्हणजे उजेडातले रंग वेगळे करून दाखवणारा खोका, बनवायचं ठरवलं: बुटांच्या खोक्याच्या एका टोकाला फट, दुसऱ्या टोकाच्या सीडीच्या तुकड्यातून बघायचं आणि दिसलेल्या रंगीत रेघेची तरंगलांबी (जिच्यावरून रंग ठरतो ती प्रकाशलाटेची लांबी) मुलांनी स्वतः मोजायची. दोन खोके वाया गेले, तिसरा चालतोय.

सीडी-आर (घरी लिहिता येणारी सीडी) कुठलीही चालते. लेबलच्या बाजूने ब्लेडने एक ओरखडा काढायचा, त्यावर पॅकिंगची चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढायची. चंदेरी थर सोलून येतो. मागे राहिलेला हिरवट रंग स्पिरिटच्या बोळ्याने जातो. घासू नका, चर (उजेड रंगांत पसरवणाऱ्या बारीक खाचा) त्याच बाजूला उघडे असतात. पहिल्या खोक्याला अख्खी तबकडी लावली होती, पण बघताना नाक आडवं येतं. बाहेरच्या कडेजवळचा २ सेंमीचा तुकडा पुरतो. जाड कात्रीने हळू कापा, नाहीतर तडा आतपर्यंत जातो. चर त्रिज्येला काटकोनात असतात. कापण्याआधीच मार्करने त्यांची दिशा काढून ठेवा.

दुसऱ्या खोक्यात डीव्हीडी वापरली. तिच्या चरांमधलं अंतर ०.७४ मायक्रोमीटर, सीडीत १.६. वर्णपट जवळजवळ तिप्पट पसरला, दिसायला झकास! पण सीएफएल दिव्याची ६११ नॅनोमीटरची लाल रेघ ५६ अंशांवर गेली, म्हणजे २५ सेंमी लांबीच्या खोक्यात फटीपासून सुमारे ३७ सेंमी बाजूला. तिथे मोजपट्टी लावणार कुठे? परत सीडी.

तिसरा खोका बुटांचाच, आतून काळा कागद लावलेला. काळेपणात कुचराई नको, कारण वर्णपट याच भिंतींवर उमटल्यासारखा दिसतो. फट डाव्या कडेपासून २.५ सेंमीवर आणि सीडीचा तुकडा तिच्या बरोबर समोर, चर फटीला समांतर. फटीसाठी दाढीच्या ब्लेडचे दोन तुकडे. मधे झेरॉक्सचा कागद धरून चिकटवले की साधारण ०.१ मिमीची सारखी फट मिळते. तुकडा तिरका बसला तर वर्णपट जिन्यासारखा वर चढतो आणि मोजपट्टी जुळत नाही.

मोजपट्टी म्हणजे फटीच्याच भिंतीवर, उजवीकडे चिकटवलेला आलेखाचा कागद. x = L × tan θ, sin θ = λ ÷ १६००. इथे x म्हणजे फटीपासून रेघेचं अंतर, L म्हणजे फटीपासून तुकड्याचं अंतर, θ म्हणजे रेघ वळण्याचा कोन, λ म्हणजे नॅनोमीटरमधली तरंगलांबी आणि १६०० म्हणजे सीडीच्या चरांमधलं अंतर, तेही नॅनोमीटरमध्ये. L = २५ सेंमी धरून पाऱ्याची ४३६ ची निळी रेघ ७.१ सेंमीवर येते, ५४६ ची हिरवी ९.१ वर. सीएफएलमधली ६११ ची लाल १०.३ वर. या तीन जागी सुईने आरपार टोचलं की बाहेरचा उजेड आत येऊन खुणा चमकतात. जास्त भोकं पाडू नका, प्रत्येक भोक स्वतःचा वर्णपट पाडतं. मुलांनी L मोजताना ५ मिमी चूक केली तर हिरवी रेघ सुमारे १० नॅनोमीटरने चुकते. तेव्हा आधी ही तीन भोकं जुळवायची, मग अनोळखी दिवा.

सीएफएल आता शोधावा लागतो. जुनी ट्यूबलाइट चालते, पाऱ्याच्या रेघा तीत असतातच. एलईडी बल्बमध्ये रेघा नाहीतच: ४५० च्या आसपास निळा पट्टा, मग अंधुक खळगा, मग पिवळ्याचा रुंद डोंगर. पांढरा उजेड निळ्या चिपवर पिवळी भुकटी लावून बनवलेला आहे, हे न सांगता कळतं. सूर्याकडे फट कधीही रोखायची नाही, उन्हातल्या पांढऱ्या कागदाकडे रोखा.

मोठ्यांना रेघा पुसट दिसतात ही तक्रार हमखास येते. खोका ठीक असतो. फट डोळ्यापासून २५ सेंमीवर आहे. चाळिशीचा चष्मा लावा.

मिठाची चाचणी (ज्योत मोठ्यांनीच हाताळायची): मिठाच्या पाण्यात बुडवलेली लोखंडी तार गॅसच्या निळ्या ज्योतीत धरली की ९.९ सेंमीवर पिवळी रेघ, म्हणजे सोडियमची ५८९. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात गुंटूरहून सूर्याच्या ज्वालांमध्ये दिसलेली पिवळी रेघ पुढे हेलियमची ठरली; ती ५८७.६ वर. या खोक्यात दोघींमधलं अंतर होतं ०.३ मिमी, म्हणजे फटीच्या रुंदीच्या तिप्पट. एक मिलिमीटरच्या फटीत दोन्ही एकच दिसल्या असत्या.