पश्मीची कुसळं
आजची संध्याकाळ पश्मीच्या झालरीतली कुसळं काढण्यात गेली. पश्मी म्हणजे मराठवाड्यातल्या कारवानी या शिकारी कुत्र्याचाच भाऊबंद; फक्त कान, शेपटी आणि पायांमागे रेशमी केसांची झालर. पावसाळा सरला की रानातलं कुसळ नेमकं तिथंच अडकतं.

गाठीला दोन थेंब खोबरेल लावायचं, बोटांनी सोडवायची, मग रुंद दातांची फणी, केसांच्या टोकाकडून मुळाकडे. आधी अंघोळ घातलीत तर गाठ आवळलीच म्हणून समजा. पंजाच्या बेचक्याही तपासा. कुसळ कातडीत शिरलं की गळू होतं.

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आणू नका, आई-बाप दोन्ही बघा. लहानपणी झालर फारशी नसते, म्हणून कारवानीचं पिल्लू पश्मीचं सांगून गळ्यात मारतात. आणि शेवटच्या दोन-तीन फासळ्या दिसल्या म्हणून भाकरी वाढवू नका, ही जात अशीच सडपातळ!