घरच्या ओव्हनमध्ये सिउ युक: कातडी फुलवण्याचा माझा अनुभव

हाँगकाँगच्या दुकानांत काचेमागे आकड्याला टांगलेलं दिसतं ते कुरकुरीत कातडीचं पोर्क म्हणजे कँटोनीज सिउ युक. घरच्या साध्या ओव्हनमध्येही ते उत्तम होतं. मांस शिजवणं सोपं आहे. खरं काम कातडीचं, आणि त्यातलं बरंचसं ओव्हन लावायच्या आदल्या दिवशीच उरकतं.

मी कातडीसकट, साधारण एक किलोचा, ४ ते ५ सेंमी जाडीचा पोर्क बेलीचा, म्हणजे डुकराच्या पोटाकडच्या मांसाचा, चौकोनी तुकडा घेते. चरबी आणि मांसाचे थर सगळीकडे सारखे हवेत, नाहीतर एक कड वाळते आणि दुसरी कच्ची राहते. कातडीची बाजू खाली ठेवून उकळत्या पाण्यात पाच मिनिटं धरली की ती मऊ होते आणि टोचायला सोपी जाते. पुसून घेऊन सुयांच्या टोचणीने दाट टोचायचं, पण फक्त चरबीपर्यंत. सुई मांसात उतरली तर भाजताना रस त्या भोकातून वर येतो, कातडी तिथे ओली राहते, आणि तेवढाच डाग चिवट होतो.

मांसाच्या बाजूला सेंटिमीटरभर खोल चिरा देऊन दोन चमचे शाओशिंग वाइन (तांदळाची चिनी वाइन) चोळते. मग १० ग्रॅम मीठ, एक चमचा साखर, एक चमचा चायनीज फाइव्ह स्पाइस पावडर आणि अर्धा चमचा पांढरी मिरपूड. यातलं काहीही कातडीला लागू द्यायचं नाही. साखर आणि मसाला वर पोचला की कातडी फुलण्याआधीच करपते.

फॉइलची खोकी करून बाजू घट्ट झाकायच्या, कातडी उघडी ठेवायची, तिच्यावर तांदळाच्या व्हिनेगरचा पातळ हात फिरवायचा आणि रात्रभर फ्रिजमध्ये न झाकता ठेवायचं. सकाळी कातडीवर नखाने वाजवून बघा. टकटक आवाज आला तर वाळली. बोट चिकटलं तर अजून काही तास ठेवा. इथे घाई केली तर पुढे कितीही आच दिली तरी चामड्यासारखीच राहते.

भाजताना कातडीवर अर्धा सेंटिमीटर जाड्या मिठाचा थर पसरते. बारीक मीठ नको, ते विरघळून आत उतरतं आणि खारट होतं. १८० अंशांवर तासभर भाजून मिठाची खपली उचलायची, उरलेले कण ब्रशने झटकायचे. आता तुकडा समतल आहे का ते बघा; जी बाजू खाली असेल तिच्याखाली फॉइलचा बोळा सारा. उंच कोपरा रॉडच्या जवळ जातो आणि बाकीचं फुलेपर्यंत काळा होतो.

मग २३० अंश, वरचा रॉड चालू, १५ ते २० मिनिटं. ओव्हनसमोरून हलू नका. आधी कडेला बारीक फोड येतात, तडतड ऐकू येते, मग फोड मधल्या भागाकडे सरकतात. एखादी जागा फुललेली नसेल तर तेवढी उघडी ठेवून बाकीच्यावर फॉइल टाका. काळं पडलेलं सुरीच्या धारेने खरवडलं की खाली सोनेरी थर मिळतो.

बाहेर काढल्यावर १५ मिनिटं थांबायचं, पण झाकायचं नाही. वाफेने कातडी लगेच नरम पडते. कापताना कातडी खाली, मांस वर ठेवून जड सुरीने एकाच दाबात कापा. सोबत मोहरीचा सॉस किंवा नुसती साखर. उरलेलं गरम करायचं तर २०० अंशांच्या ओव्हनमध्येच, मायक्रोवेव्हमध्ये नाही.