तुम्ही विचारलंत म्हणून: मी पोरांची उंची आधी का मोजतो

"दादा, तुम्ही पोरांची स्वप्नं लहान का करता?" लग्नात भेटलेले पाहुणे हे विचारतात, बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर विचारतात, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या बहिणी तर भावाच्या वतीनं भांडायलाच येतात. अमळनेर-पारोळ्याकडच्या गावांतली, पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं आमच्या अभ्यासिकेत बसतात. नवीन पोरगा आला की मी त्याला आधी चपला काढून भिंतीला उभा करतो. मग वय, घरची शेती, विहीर, लाईटची पाळी विचारतो. तुला काय व्हायचंय, हे सगळ्यात शेवटी. हा क्रम लोकांना खुपतो. म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

'पोलीस व्हायचंय' यातलं पोराच्या हातात काय आहे ते बघा. जाहिरात कधी निघेल, जागा किती असतील, मेरिट कितीवर थांबेल, यातलं काहीच नाही. हातात आहे ते एवढंच: १६०० मीटर किती वेळात, १०० मीटर किती सेकंदांत, ७.२६० किलोचा गोळा किती लांब, आणि ९० मिनिटांत १०० प्रश्नांपैकी किती बरोबर. म्हणून मी वहीच्या पहिल्या पानावर 'पोलीस' लिहू देत नाही. 'दिवाळीपर्यंत १६०० मीटर ५ मिनिटं ४० सेकंद' असं लिहायला लावतो. भरती पुढं ढकलली तरी हे वाक्य खोटं पडत नाही.

आता हे ५:४० आणायचं कुठून? पोरगा आज ६:४० मध्ये पळतोय असं धरू. ४०० मीटरचे चार राऊंड, म्हणजे एका राऊंडला १०० सेकंद. पाहिजेत ८५. राऊंडमागं १५ सेकंद काढायचे आहेत. महिन्याला दोन-अडीच सेकंद कमी करायचे म्हटले तर सहा महिने लागतात, आणि एवढंच अंगाला सोसतं. आठवड्यातून दोन दिवस ४०० मीटरचे सहा तुकडे, दोन तुकड्यांमध्ये दोन मिनिटं चालणं. एक दिवस सहा-सात किलोमीटर इतकं सावकाश, की सोबतच्याशी बोलता आलं पाहिजे. दर चौथ्या रविवारी पूर्ण १६०० घड्याळ लावून. रोज जीव तोडून पळणाऱ्याची नडगी दुसऱ्या महिन्यात दुखायला लागते. डांबरी रस्त्यावर पळणाऱ्याची त्याआधीच. मग तीन आठवडे घरी.

आणि अंतर टेपनं मोजा. आमच्याकडची निम्मी पोरं मोटरसायकलच्या मीटरवर १.६ बघून दगड ठेवतात. त्या मीटरचा शेवटचा आकडा १०० मीटरचा असतो. आकडा नुकताच पडलाय की पडायला आलाय, हे कळत नाही. या वेगानं १०० मीटरला एकवीस सेकंद लागतात. गावात ५:२५ काढणारा पोरगा भरतीच्या मैदानावर ५:४५ काढतो आणि म्हणतो, माझा दिवस खराब होता. दिवस चांगलाच होता, दगड चुकीच्या जागी होता. शाळेच्या मैदानावर ५० मीटरची टेप आठ वेळा टाकली की ४०० मीटरचा राऊंड होतो. अर्ध्या तासाचं काम आहे.

तासांचंही तसंच. क्लासवाले दहा तासांचं वेळापत्रक छापून देतात. ज्याच्या घरी कपाशी आहे आणि थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री येते, त्यानं ते कसं पाळायचं? रातपाळीच्या आठवड्यात तो पहाटेपर्यंत हरभऱ्याला पाणी भरतो आणि पाचला पळायला जातो. चौथ्या दिवशी झोपून राहतो, आणि स्वतःला आळशी समजायला लागतो. मी दोन वेळापत्रकं करायला लावतो, एक दिवसपाळीचं आणि एक रातपाळीचं. रातपाळीच्या आठवड्यात पळणं संध्याकाळी, तेही दोनच दिवस. अभ्यास दीड तास, फक्त गणित. आठवड्याचे १६८ तास मांडून झोप, शेत, ढोरं, येणं-जाणं वजा केलं की बहुतेकांकडं वीस-बावीस तास उरतात. त्या बावीस तासांवर योजना करायची.

हे सगळं मला आधीपासून कळत होतं, असं मात्र नाही.

२०२० मध्ये बोरीकाठचा एक पोरगा आला. नुकती बारावी झालेला, घरी चार एकर कोरडवाहू. त्याचं वेळापत्रक मी माझ्या हातानं लिहिलं होतं. उंची विचारली तर म्हणाला, १६६, जिममध्ये मोजलीय. मी १६६ लिहून घेतलं. तीन वर्षं तो साडेचारला उठला. बापानं एका साली भाव नाही म्हणून घरात भरून ठेवलेला कापूस त्याच्या खोलीभाड्यासाठी पडेल त्या भावानं विकला. शेवटी शेवटी तो १६०० मीटर ५:२४ मध्ये काढत होता. पूर्ण २० मार्कांना ५:१० लागतात, म्हणजे फार लांब नव्हता.

जानेवारी २०२३ मध्ये त्याचं मैदान आलं. मैदानावर आधी उंची आणि छाती मोजतात, पळणं नंतर. पुरुषांना १६५ सेंटीमीटर लागते. तो भरला १६३.५. पुन्हा मोजा म्हणाला, पुन्हा मोजली. १६३.५. जिममध्ये त्यानं बूट घालून मोजली होती. तीन वर्षं ज्यासाठी पळाला, ते १६०० मीटर त्याला त्या दिवशी पळूच दिले नाहीत.

दुपारी तो थेट अभ्यासिकेत आला. भिंतीला टाचा लावून उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, तुम्ही मोजा." मी डोक्यावर सपाट पुस्तक धरलं, पेन्सिलीनं रेघ मारली, जमिनीपासून टेप लावली. बोलायला काही नव्हतं. संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "आते काय करानं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं, कारण आम्ही तिघांनी मिळून दुसरी कुठलीच वाट लिहून ठेवली नव्हती.

खरा घोळ पुढंच आहे. जूनमध्ये वनरक्षकाची जाहिरात आली. तिथं पुरुषांना १६३ लागते. बारावीला त्याला भूगोल होता, शिक्षणाची अटही बसत होती. पळणं मात्र पाच किलोमीटर. मी फोन केला तेव्हा तो सुरतला कामाला लागून चार महिने झाले होते. "पाच किलोमीटर आता नाही जमायचे, दादा." २०२० मध्ये पाच मिनिटं घालवून टेप लावली असती, तर तीन वर्षं त्याच पाच किलोमीटरची तयारी झाली असती. स्वप्न कापलं गेलं नसतं, वळलं असतं.

म्हणून आता मी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा मोजतो, कारण दिवसभरात माणूस सेंटीमीटरभर दबतो. संध्याकाळी १६५ भरला तरच निर्धास्त. ज्या गटांना सवलत आहे, त्यांची अट जाहिरातीतून शब्दन् शब्द वाचायला लावतो. वयाची मर्यादा, कागदपत्रं, जातवैधता, नॉन-क्रिमीलेअरची मुदत, सगळं पहिल्याच आठवड्यात. आणि वहीच्या शेवटच्या पानावर सोडायची तारीख: इतक्या महिन्यांत इतकं जमलं नाही, तर त्या दिवशी दुसरी वाट. आमच्याकडं सालदाराचं साल आखाजीला सुटतं, नवा करार त्याच दिवशी होतो. बहुतेक पोरं आखाजीचीच तारीख लिहितात. ती तारीख आईबापाच्या समोर लिहायची, नाहीतर ती दरवर्षी सरकत जाते.

पूर्वी मी सगळ्यांना सांगायचो, डोंगराएवढं ठरव, टेकडीएवढं तरी पदरात पडेल. तो जुना मी अजून माझ्याशी भांडतो. तो म्हणतो, त्या पोराला २०२० मध्येच नाही म्हटलं असतं, तर तो साडेचारला उठला असता का? तीन वर्षं दारूपासून, पत्त्यांपासून लांब राहिला असता का? माझ्याकडं याचं पक्कं उत्तर नाही. एका पोरीची आखाजीची तारीख उलटून गेली होती, मी थांब म्हणत होतो, तिनं ऐकलं नाही, आणि पुढच्या भरतीत ती लागली. तिचे भाऊ मला ते अजून ऐकवतात. ऐकवू देत. तरीही मी तारीख लिहायला लावतो, कारण थांब म्हटल्यावर न ऐकता लागलेली ती एक आहे. न ऐकता तिशीला आलेले मला गावोगाव भेटतात, आणि त्यांच्या वतीनं भांडायला कुणी येत नाही.

अभ्यासिकेच्या भिंतीवर आता तीन रेघा आहेत, मुलींसाठी १५५, आणि मुलांसाठी १६३ आणि १६५. परवा एक नवा पोरगा वरच्या रेघेखाली उभा राहिला आणि त्यानं टाचा हळूच उचलल्या. बाप दारात उभा होता, दोन्ही हातांत पोराच्या चपला धरून. मी खाली बसलो, पोराच्या घोट्याला हात लावला आणि म्हणालो, टाच टेकव, बाळा.