एक माणूस, दोन खेळ: अल्बमचं काम कुठवर आलंय (अपडेट ४)

मंडळी, मागच्या अपडेटनंतर बरेच दिवस गेले, पण काम थांबलेलं नाही. जे नवीन आहेत त्यांच्यासाठी पटकन सांगतो. अमेरिकेत एमएलबी (बेसबॉलची सर्वात वरची लीग) आणि एनबीए (बास्केटबॉलची; १९४६ ला सुरू झालेली तिची आधीची लीग बीएए धरून) या दोन्हीकडे खेळलेले एकूण १३ जण आहेत, आणि मी प्रत्येकाची दोन छापील कार्डं (खेळाडूचं चित्र असलेली, पॅकमध्ये विकली जाणारी) जमवतोय, एक बेसबॉलचं आणि एक बास्केटबॉलचं. नियम एकच, कार्ड त्याच काळात मोठ्या कंपनीच्या नेहमीच्या पॅकमधून निघालेलं पाहिजे. नंतर आठवण म्हणून छापलेली चालणार नाहीत.

नियम केला तेव्हा वाटलं होतं २६ कार्डं, दोनेक वर्षांत होऊन जाईल. आता कळलंय की बास्केटबॉलच्या बाजूला १३ पैकी ४ च खण भरणार आहेत, कधीही! कारण सोपं आहे पण माझ्या लक्षात यायला वेळ लागला. बास्केटबॉल कार्डांना तेव्हा गिऱ्हाईकच नव्हतं. १९४८ ला बोमन कंपनीने सेट काढला, मग थेट १९५७-५८ ला टॉप्स कंपनीने, मग १९६१-६२ ला फ्लीअर कंपनीने आणि त्यानंतर एकदम १९६९-७० ला परत टॉप्सने. मधली सगळी वर्षं कोरडी, आणि आपले बहुतेक गडी नेमके त्याच वर्षांत खेळून गेले.

सगळ्यात जास्त जीव जळतो तो जीन कॉनलीसाठी. ६ फूट ८ इंचाचा पिचर (बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा), १९५७ ला मिलवॉकी ब्रेव्हजबरोबर वर्ल्ड सिरीज (एमएलबीची फायनल) जिंकला आणि मग बॉस्टन सेल्टिक्सबरोबर १९५९, १९६०, १९६१ अशा लागोपाठ तीन एनबीए चॅम्पियनशिप. दोन्हीकडचं विजेतेपद मिळवलेला तो एकटाच आहे, आजपर्यंत दुसरा झालेला नाही. आता सेटची वर्षं परत बघा, १९५७-५८ नंतर सीधा १९६१-६२, म्हणजे त्याचे तिन्ही विजेते सीझन बरोब्बर त्या फटीत पडले, आणि १९६१-६२ ला फ्लीअरचा सेट आला तेव्हा हा एनबीए सोडून दुसऱ्याच लीगमध्ये खेळत होता, आणि मग एनबीएच्या न्यूयॉर्क निक्सकडून १९६२ ते ६४ खेळला तेव्हा परत सेटच नाही. असं नशीब!

त्याचं बेसबॉलचं कार्ड मात्र या महिन्यात मिळालं, १९५३ टॉप्स. त्या वर्षीच्या सेटमध्ये फोटो नाहीत, हाताने रंगवलेली चित्रं आहेत, आणि कोपरे झिजलेले असले तरी चेहरा अजून इतका ताजा आहे की मी रात्री टेबललॅम्पखाली धरून बघत बसलो होतो. अडचण एकच, टॉप्सने आजची साइझ १९५७ ला आणली, १९५२ ते ५६ ची कार्डं मोठी, त्यामुळे ९ खणांच्या पानात ते बसत नाही. ८ खणांची पानं वेगळी मागवली. आणि डेव्ह डीबुशेअरचं १९६९-७० चं टॉप्स तर आणखी उंच, आपल्या नेहमीच्या कार्डापेक्षा जवळजवळ सव्वा इंच जास्त, त्याला तिसऱ्याच मापाचं पान. डीबुशेअर एनबीएत आला १९६२ ला, २४ व्या वर्षी डेट्रॉइट पिस्टन्सचा खेळाडू आणि कोच एकाच वेळी झाला, आणि पॅकमधलं पहिलं बास्केटबॉल कार्ड यायला १९६९ उजाडलं.

डिक रिकेट्सचं १९५७-५८ टॉप्स यावेळी फसलं. ऑनलाइन घेतलं, फोटोत कडा मस्त दिसत होत्या, घरी आल्यावर दुसऱ्या कार्डावर ठेवून बघितलं तर एका बाजूने मिलिमीटरभर कमी, म्हणजे कोणीतरी झिजलेली कड कापून टाकलेली. परत पाठवलं, पैसे मिळाले, पण तीन आठवडे गेले. जुनं कार्ड घेताना कड जास्तच धारदार दिसली तर आधी माप मागा. रिकेट्स १९५५ च्या एनबीए ड्राफ्टमधला (टीम नवे खेळाडू निवडतात ती फेरी) पहिल्या नंबरचा खेळाडू होता आणि १९५९ ला सेंट लुईस कार्डिनल्ससाठी पिचिंग करत होता, त्यामुळे हे कार्ड मला हवंच आहे.

डॅनी एंजची जोडी पूर्ण आहे, १९८१ चं टोरोंटो ब्लू जेज या बेसबॉल टीमचं आणि १९८६-८७ फ्लीअरमधलं सेल्टिक्सचं. मार्क हेंड्रिक्सनचीही झाली, स्वस्तात.

डिक ग्रोट राहिलाय. त्याचं १९५२ टॉप्स शेवटच्या सिरीजमधलं (सेट तेव्हा टप्प्याटप्प्याने यायचा, एकेक टप्पा म्हणजे सिरीज), यँकीजच्या मिकी मँटलचं प्रसिद्ध कार्ड ज्यात आहे तीच. ती सिरीज सीझन संपता संपता आली, खपली नाही, आणि उरलेला माल १९६० च्या सुमारास समुद्रात नेऊन टाकला असं टॉप्सचे साय बर्गर सांगायचे. तेही इथे न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ! मी एडिसनला राहतो, बीचवर गेलो की हे आठवतंच. त्यासाठी पैसे बाजूला टाकतोय.

या यादीत मायकल जॉर्डन का नाही असं परत दोघांनी विचारलं. १९९४ ला तो बर्मिंगहॅम बॅरन्सकडून बेसबॉल खेळला, बॅटिंगची सरासरी .२०२, पण ती डबल-ए, म्हणजे दोन पायऱ्या खालची लीग, एमएलबी नाही. तरी त्याची बेसबॉल कार्डं ढिगाने छापली गेली, आणि तीन चॅम्पियनशिपवाल्या कॉनलीचं बास्केटबॉलचं एक नाही, हे मला खरंच टोचतं.

म्हणून रिकाम्या खणांचं असं ठरवलंय की त्यात कार्डाच्या मापाचा जाड कागद घालायचा आणि त्यावर हाताने टीम आणि वर्षं लिहायची. पहिले दोन काल लिहिले, कॉनली आणि स्टीव्ह हॅमिल्टन, समोरासमोर. १९५९ च्या एनबीए फायनलमध्ये कॉनली सेल्टिक्सकडून, हॅमिल्टन मिनियापोलिस लेकर्सकडून, सेल्टिक्स ४-० ने जिंकले, आणि पुढे हॅमिल्टन यँकीजबरोबर १९६३ आणि ६४ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये खेळला. दोन्ही मोठ्या फायनल खेळलेले हे दोघंच. पुढचा कागद रॉन रीडचा, आणि कोणाकडे रिकेट्सचं न कापलेलं कार्ड असेल तर माप टाकून कळवा.