तुम्ही विचारलंत म्हणून: घरच्या घरी पहिला होलोग्राम

‘घरी होलोग्राम, म्हणजे लेसरनं काचेत टिपलेलं, खोली असलेलं चित्र, करता येतो का? आणि त्यासाठी लेसर कुठला घ्यायचा?’ हे दोन प्रश्न बहुतेक वेळा जोडीनंच येतात. पहिल्याचं उत्तर: हो, नक्की येतो. दुसरा प्रश्न माझ्या मते सगळ्यात शेवटी विचारायचा आहे. लेसर स्वस्तातला चालतो, प्लेट, म्हणजे प्रकाश टिपणारा थर दिलेली काच, तीही तयार मिळते. नवशिक्याच्या दहातल्या नऊ प्लेटा वाया जातात त्या काहीतरी हलल्यामुळे. म्हणून आधी हलण्याबद्दल सांगतो.

मोबाईलच्या पडद्यावर प्लॅस्टिकचा पिरॅमिड ठेवून जे तरंगतं चित्र दाखवतात, ते नुसतं परावर्तन असतं. आपण बोलतोय ते वस्तूवरून आलेला प्रकाश आणि लेसरचा थेट प्रकाश यांच्या व्यतिकरणाचा (दोन लहरी एकमेकींत मिसळून होणाऱ्या उजळ-काळ्या पट्ट्यांचा) नमुना प्लेटमध्ये कायमचा कोरण्याबद्दल. कल्पना भौतिकशास्त्रज्ञ डेनिस गाबोर यांची, १९४७ची; तिच्यासाठी त्यांना १९७१चं नोबेल मिळालं. घरी करायची सर्वात सोपी रचना मात्र सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ युरी डेनिस्युक यांची, १९६२ची. तिच्यात आरसे नाहीत, किरण विभागणंही नाही. लेसरचा पसरलेला प्रकाश काचेच्या प्लेटमधून आरपार जातो, मागे टेकलेल्या वस्तूवर आपटून परत प्लेटमध्ये येतो आणि जाणाऱ्या प्रकाशाला भेटतो. झालं.

लाल लेसरची तरंगलांबी साधारण ६५० नॅनोमीटर. समोरासमोर येणाऱ्या या दोन प्रकाशांमुळे प्लेटवरच्या थरात एकावर एक पदर तयार होतात, दोन पदरांमधलं अंतर जेमतेम २१७ नॅनोमीटर. एक्स्पोजर (प्लेटवर लेसरचा प्रकाश पडू देणं) चालू असताना वस्तू किंवा प्लेट तरंगलांबीच्या दहाव्या भागाहून जास्त हलली, म्हणजे सुमारे ६५ नॅनोमीटर, तर पदर पुसट व्हायला लागतात. ६५ नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा पंधरा हजारावा भाग. आणि धक्का लागल्याशिवाय वस्तू हलत नाही, हा समज इथे सोडावा लागतो. ५ सेंटीमीटर उंचीची पितळी गणेशमूर्ती तुम्ही हातात धरून मांडलीत आणि ती मांडल्यावर एकच अंश गार झाली, तरी उंचीत जवळपास १००० नॅनोमीटरनं आखडते. म्हणजे परवानगीच्या पंधरापट. म्हणून सगळं मांडून झाल्यावर १० ते १५ मिनिटं कशालाही हात न लावता थांबायचं. ही वाट पाहणं लेसरइतकंच महत्त्वाचं आहे.

बैठक अशी करा. ओट्याचं काम करणाऱ्यांकडे ग्रॅनाइटचे उरलेले तुकडे पडलेले असतात. साधारण दीड फूट लांब, एक फूट रुंद तुकडा घ्या. तो स्कूटरच्या अर्धवट हवा भरलेल्या ट्यूबवर ठेवा. ट्यूब टणक फुगवली तर जमिनीचा कंप सरळ वर येतो. टेबलापेक्षा जमीन बरी, वरच्या मजल्यापेक्षा तळमजला बरा. पंखा, एसी, फ्रीज बंद. सोसायटीचा पाण्याचा पंप केव्हा चालतो ते आधी बघून ठेवा. रात्री उशिराची वेळ उत्तम. एक्स्पोजरच्या वेळी आपणही खोलीत चालायचं नाही, बोलायचं नाही; अंगाच्या उष्णतेनं हवा हलते, तेवढीही पुरते.

वस्तू कडक, जड, उथळ आणि लाल प्रकाशात उजळ दिसणारी हवी. नाणं, शिंपला, चिनी मातीची छोटी बाहुली, पितळी मूर्ती. पान, फूल, कापड, कागद, हलकी प्लॅस्टिकची खेळणी नकोत. निळ्या-हिरव्या रंगाची वस्तू लाल प्रकाशात काळी पडते, म्हणून आधी लेसरच्याच उजेडात बघून घ्या. वस्तूची खोली दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत असू द्या. त्याहून मागचा भाग पांढऱ्या दिव्यात धूसर दिसतो. चिकटवायला दुपदरी टेप किंवा मेण वापरू नका, दोन्ही तासन् तास हळूहळू सरकत राहतात. अॅरल्डाइटनं आदल्या दिवशी चिकटवून ठेवा. प्लेट वस्तूवर किंवा आधारांवर तीन ठिकाणी टेकली पाहिजे. चार ठिकाणी टेकवली की ती डुगडुगते.

आता लेसर. ५ मिलिवॅटचा, ६३५ ते ६६० नॅनोमीटरचा लाल डायोड (पॉइंटरमध्ये असतो तसला छोटा लेसर), पुढचं भिंग काढलेला. भिंग नसलं की प्रकाश आपोआप लांबट अंडाकृती पसरतो, वेगळं भिंग लागत नाही. वीज पेन्सिल सेलमधून द्या. स्वस्त मोबाईल चार्जरचा दाब स्थिर नसतो. डायोड १० मिनिटं आधी चालू करून तापू द्या, कारण गरम होताना त्याची तरंगलांबी सरकते. स्वस्त हिरवे पॉइंटर टाळा, त्यांच्यातले बरेच एकाच वेळी अनेक तरंगलांब्या सोडतात. भिंग असो वा नसो, डायोडकडे थेट डोळा लावायचा नाही.

डायोड प्लेटपासून ३५ ते ४० सेंटीमीटरवर आणि तिरका ठेवा. डायोडचा प्रकाश ध्रुवीभूत असतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच प्रतलात कंप पावतात; त्याचा फायदा घेता येतो. प्लेटच्या जागी साधी काच ठेवा, प्रकाश तिच्यावर सुमारे ५६ अंशांनी (काचेला काटकोनात असलेल्या रेषेपासून मोजून) पडू द्या आणि डायोड स्वतःभोवती फिरवत काचेवरून भिंतीवर पडणारं प्रतिबिंब बघा. एका स्थितीत ते जवळपास नाहीसं होतं. तिथेच डायोड पक्का करा. हे केलं नाही तर काचेच्या आतल्या परावर्तनामुळे होलोग्रामवर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी उमटते.

पहिल्या वेळी स्वतःहून विकसित होणारी पॉलिमर प्लेट घ्या. लिटिहोलो या कंपनीच्या संचात २ × ३ इंचाच्या अशा प्लेटा येतात. रसायनं लागत नाहीत. प्लेट महाग, म्हणून सगळी क्रिया आधी तेवढ्याच साध्या काचेवर, अंधारात, करून बघा. मग खरी प्लेट, पाकिटावर सांगितलेल्या रंगाच्या मंद दिव्यात. या वेळी लेसरचा प्रकाश काळ्या पुठ्ठ्यानं अडवून ठेवलेला असतो. थांबून झाल्यावर पुठ्ठा आधी जमिनीपासून थोडा उचला, पण प्रकाश अडलेलाच ठेवा. उचलण्याचा कंप शमायला १५-२० सेकंद गेले की बाजूला घ्या. वरच्या अंतरावर ५ ते १० मिनिटं एक्स्पोजर लागतं. अंतर दुप्पट केलंत तर वेळ चौपट. नंतर पांढऱ्या उजेडात काही मिनिटं धरा, म्हणजे प्लेट पक्की होते.

चांदीच्या क्षारांच्या प्लेटा यापेक्षा फार संवेदनशील, काही सेकंदांत काम होतं, पण त्यांना डेव्हलपर (चित्र उमटवणारं द्रावण) आणि ब्लीच (काळी चांदी पारदर्शक करणारं द्रावण) लागतं. ब्लीचची एक चांगली कृती: १ लिटर शुद्ध पाण्यात ३५ ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइड आणि ५ ग्रॅम सोडियम बायसल्फेट. तापमान २० अंशांच्या आसपास हवं. आपल्याकडे मे महिन्यात नळाचं पाणीच ३० अंशांवर असतं आणि त्यात प्लेटवरचा जिलेटीनचा थर मऊ होऊन सुटू शकतो. ट्रे बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवून काम करा. प्लेट मांडताना थर असलेली बाजू वस्तूकडे. ती ओळखायला कोपऱ्यावर फुंकर घाला: काच धुरकटते, थर धुरकटत नाही. लाल लेसरनं केलेलं चित्र सोनेरी किंवा हिरवं दिसलं तर घाबरू नका. धुण्यात थर आकसतो, पदर जवळ येतात, रंग बदलतो.

चित्र आलंच नाही, तर प्लेट फेकण्याआधी तिचं नीट वाचन करा. वस्तू दिसत नाही पण तिच्याखालचा आधार स्पष्ट दिसतो: वस्तूच आधारावर हलली. बुडाचा भाग ठळक आणि टोक गायब: वस्तू उभी डुलली किंवा गार होत होती. नाण्यावर आडवे काळे पट्टे: एक्स्पोजरच्या काळात नाणं किंवा प्लेट एका दिशेनं सावकाश सरकली, पट्टे दोन-तीन रुंद असतील तर सरकणं थोडं, बारीक आणि दाट असतील तर जास्त. नक्षी वस्तूवर नसून काचेच्या पृष्ठभागावर असेल तर डायोड फिरवण्याचं काम राहिलंय. आणि आधार, वस्तू, काहीच दिसत नसेल, तर आधी बघण्याचा दिवा तपासा.

कारण ट्यूबलाइटखाली चांगला होलोग्रामही धुरकट दिसतो. ऊन, हॅलोजन किंवा एकाच एलईडीची टॉर्च घ्या आणि ज्या कोनातून लेसर पडला होता त्याच कोनातून प्रकाश टाका. प्लेट सावकाश पुढे-मागे कलवा, चित्र एका ठरावीक कलात एकदम उजळतं. मागे काळा कागद लावला की उठाव दुपटीनं वाढल्यासारखा वाटतो. चांदीच्या प्लेटवर थराच्या बाजूनं काळ्या मॅट रंगाचा फवारा मारतात. आधी एका कोपऱ्यावर थोडासा मारून बघा, कारण काही रंगांतलं द्रावण थर फुगवतं आणि चित्राचा रंग बदलतो.